उदानला दिलेली आठवण

कालव्याच्या पुलावर नीलेशच्या मोटारसायकलचा मागचा लाल दिवा लागला नाही.

रुचिताच्या ते लगेच लक्षात आलं, कारण ती तो दिवा लागण्याची वाटच पाहत होती. कर्जतहून कडावला जाताना तो पुढे आणि ती स्कूटरवर मागे, असं याआधी पुष्कळदा झालं होतं. त्या पुलावर ना खड्डा, ना गतिरोधक, ना वळण. तरी पूल आला की तो दिवा लागायचा, गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगावर यायची, नीलेश कठड्यापासून दूर, रस्त्याच्या अगदी मधोमध व्हायचा, आणि पलीकडे पोचल्यावरच दिवा विझायचा. आज तो कठड्याला लागून, एका हाताने मोबाइल खिशात सारत, सरळ निघून गेला. कालव्याला अजून पाणी सोडलेलं नव्हतं. तळाशी शेवाळाचा सुकलेला पापुद्रा होता आणि त्यावर बगळे उभे होते. दोन्ही अंगांना कापलेल्या भाताच्या उडव्या. सगळं जिथल्या तिथे होतं, एक दिवा तेवढा लागला नव्हता.

रुचिताने स्कूटर पुलावरच थांबवली. साजगावच्या एका रंगाच्या कारखान्यात ती प्रयोगशाळा सांभाळायची. नमुना घ्यायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते गप्प बसून पाहायचं, ही तिची कामाची रीत. इथे बदललेली गोष्ट कोणती, ते तिला ठाऊक होतं. ती तिनेच बदलली होती.

तिच्या भिसेगावच्या घरी रविवारी, दुपारची जेवणं आटोपली की, चौघं जमायची. खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा, पण त्याला पट नव्हता. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. आपलं माणूस काय करतं ते आपणच बोलायचं, आणि ते जमतं की फसतं हे वीस पैलूंच्या फाशावर सोडायचं. गोष्ट सांगायची रुचिता. गोष्ट 'दीर्घा' नावाच्या अवकाशयानाची. हे यान पृथ्वीपासून इतकं लांब गेलं होतं की परतीचा विषय त्यावर कुणी काढत नसे. खेळणारी सगळी कारखान्यातलीच. पॅकिंगमधला विपुल यानाचा वैमानिक, रुचिताच्या हाताखालची ऋतिका यानाची डॉक्टर, आणि इलेक्ट्रिशियन नीलेश यानाचा यंत्रज्ञ. त्याच्या यंत्रज्ञाचं नाव उदान.

या खेळाचं मूळ मात्र जुनं होतं. रुचिता लहान असताना टीव्हीवर एक परदेशी मालिका लागायची, हिंदीत बोलणारी, अवकाशात फिरणाऱ्या माणसांची. एका भागात कप्तानाचा जिवलग मित्र मरायचा. कप्तान धाय मोकलून रडायचा. आणि पुढच्या आठवड्यात तोच कप्तान खुर्चीत रेलून विनोद करत असायचा. मित्राचं नावही कुणी काढायचं नाही, जणू मधल्या दिवसांत कुणी फळा पुसून गेलं होतं. लहानग्या रुचिताला त्याचा संताप यायचा.

"आई, याला काहीच कसं लागत नाही?"

"अगं, मालिकेतला आहे तो. त्याला काय लागायचंय?"

म्हणून मोठेपणी स्वतःचा खेळ रचताना तिने ठरवलं, की इथे कुणाचा फळा पुसला जाणार नाही. पात्राने बदलायचं, वाढायचं, आणि ते फुकट नाही. पात्र एक पायरी वर न्यायचं असेल तर खेळणाऱ्याने त्याला आपली एक खरी आठवण द्यायची. सगळ्यांसमोर, पात्राच्या तोंडून, 'मी' म्हणून सांगायची. त्या क्षणापासून ती आठवण पात्राची. नियम केला तेव्हा तिला तो सुंदर वाटला होता. अजूनही वाटायचा, आणि तिला लाज वाटायची ती याचीच.

पहिली गोष्ट घडली विपुलच्या बोटाची. त्याच्या उजव्या तर्जनीचं टोक चपटं आहे. लहानपणी रसाच्या गुऱ्हाळात चरकात बोट गेलं होतं. ती आठवण त्याने वैमानिकाला दिली. पुढे कधीतरी कँटीनमध्ये कुणीतरी विचारलं, "बोटाला काय झालं रे?" विपुल बोटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जन्मतःच असंल." रुचिता हसली होती. पण त्या रविवारी वैमानिकाने ती हकिकत पुन्हा सांगितली. चरकाच्या घुंगरांचा आवाज, रसावर घोंगावणाऱ्या माशा, बापाने ते बोट स्वतःच्या तोंडात धरलं होतं त्याची ऊब. यातलं काहीही विपुलने पहिल्या वेळी सांगितलेलं नव्हतं.

मग तिने प्रयोग केला. ऋतिकाकडून स्वयंपाकघरात चहा करताना एक आठवण काढून घेतली, सायकलवरून शेणाच्या ढिगात पडल्याची. दुसरी तिने टेबलावर डॉक्टरला द्यायला लावली, कर्जतच्या बाजारात आईचा हात सुटल्याची. मध्ये काही आठवडे जाऊ दिले आणि दोन्हींबद्दल विचारलं. शेणाचा ढीग ऋतिकाने हसत हसत, त्याच शब्दांत सांगितला.

"आणि बाजारात हरवलीस तेव्हा?"

"मी? छे गं ताई, मी कधी हरवले? ते आपल्या डॉक्टरचं ना."

त्या दिवशी खेळ थांबायला हवा होता. रुचिताने स्वतःला सांगितलं, एका निरीक्षणावर निष्कर्ष काढायचा नसतो, आणखी एकदा खात्री करू. खरं कारण निराळं होतं. खेळ इतका सुरेख रंगायला लागला होता की ती आठवडाभर रविवारची वाट बघायची. वैमानिक आणि डॉक्टर खऱ्या माणसांसारखे बोलत होते. आत पोकळ राहिला होता फक्त उदान. नीलेश त्याला किरकोळ काहीबाही द्यायचा, मित्रांच्या खोड्या, क्रिकेटची मॅच. आणि नीलेशचा धाकटा भाऊ पदू लहानपणी कालव्यात बुडाल्याचं रुचिताने कँटीनमध्ये ऐकलेलं होतं.

गणपती उठल्यानंतरच्या एका रविवारी तिने 'दीर्घा'तली पाण्याची टाकी फोडली.

"पाणी भरत चाललंय," ती म्हणाली. "उदान दारात उभा आहे. आत पाऊल टाकत नाही. का टाकत नाही, नीलेश?"

दुसरं काहीही विचारता आलं असतं. नीलेशने हातातला फासा टेबलावर ठेवला. फ्रिजची घरघर ऐकू येत होती. मग तो सांगायला लागला. दोघं भाऊ म्हैस धुवायला कालव्यावर गेलेले. उन्हाळी भातासाठी पाणी सोडलेलं, कालवा काठोकाठ. पदूचा पाय सरकला. नीलेश बापाला हाक मारायला शेताकडे धावला. तो बापाला घेऊन परत आला तेव्हा काठावर नुसती म्हैस उभी होती.

ऋतिका ओढणीने डोळे पुसत होती. विपुलने मान खाली घातली होती. रुचिताही रडली. आणि रडता रडता, अगदी आतून, तिला आनंद झाला होता. उदान उभा राहिला होता.

आता, दिवाळी उलटल्यावर, ती वर्षाचे तांदूळ न्यायला कडावला आली होती, आणि पुलावर तो दिवा लागला नव्हता.

नीलेशच्या घरी पडवीत येसूबाई, त्याची आई, पायलीने तांदूळ मोजून पोत्यात ओतत होती. भिंतीवर नवऱ्याचा फोटो आणि शेजारी एका लहान मुलाचा. मुलाने कॉलरचं वरचं बटण लावलेलं, केसांना तेल चोपडलेलं. नीलेश सुतळी शोधत होता.

"हा पदू ना?" रुचिताने जमेल तितक्या सहजपणे विचारलं.

"हां. भाऊ होता. लवकर गेला," नीलेश म्हणाला. वाटेतल्या एखाद्या थांब्याचं नाव सांगावं तसं. आणि सुतळी आणायला मागच्या दारी गेला.

"बघितलंस गं?" येसूबाईने हात न थांबवता विचारलं.

"काय, काकू?"

"उगा येडी नको होऊ. तुला म्हाईत हाय." तिने पायली तांदळात तशीच रोवली. "दिवाळीला मी तांदळाच्या पिठाची बोरं तळते. पदूला लय आवडायची. त्याच्या वाट्याची वाटी मी बाजूला काढायची नि नीलेशनं ती कालव्यावर न्यायची. मी कदी सांगितलं नाय त्याला. बारका होता तवापासनं आपणहून न्यायचा. औंदा काय केलं म्हाईत हाय? खाल्ली. मोबाइल बघत बघत. नि मला म्हनतो, आई, अजून हायत का गं?"

रुचिताने पोत्याचं तोंड सावरून धरलं.

"मी रागं भरले नाय. कुणावर भरू? त्याच्या डोळ्यांत कायच नव्हतं." तिने आवाज खाली आणला. "मंग परवा मोटर खोलून बसला होता अंगणात. एकटाच बोलत होता. आवाज माझ्या पोराचा, नि बोलणं कसं, बुकातल्यावानी. काय म्हनला ठावं हाय? म्हनला, खालून बघितलं की दादाचे पाय हिरवे दिसत होते."

"दादाचे?"

"दादा म्हंजी नीलेश. पदू त्याला दादा म्हनायचा. आता मला सांग, खालून कोण बघत होतं?"

रुचिताने आठवून पाहिलं. त्या रविवारी टेबलावर हे वाक्य नव्हतं. नीलेश काठावर होता. काठावरून कुणाला स्वतःचे पाय पाण्याखालून दिसत नाहीत.

"मी इचारलं, कोण बोलतंय रं? तर हसला. म्हनला, अगं आई, गेममधला उदान हाय तो." येसूबाईने पदराने हात पुसले. "त्या उदानाला एकदा घरी धाड, पोरी."

"काकू, उदान म्हणजे वेगळं कुणी नाही. तो नीलेशच आहे."

"मंग जे त्याला ठावं हाय ते नीलेशला का ठावं नाय?"

नीलेश सुतळी घेऊन आला. "बघते," रुचिता म्हणाली.

त्यानंतर दर शनिवारी येसूबाईचा फोन यायला लागला. आधी भाताची, मग म्हशीची, मग थंडीची चौकशी, आणि शेवटी, "बघितलंस का गं?" रुचिता म्हणायची, "बघते, काकू." एकदा येसूबाई म्हणाली, "तुमचं यान कडावला थांबत नाय का? आमच्याकडं येष्टी बी थांबते." दोघी हसल्या.

ठरवायचं होतं एवढंच, की खेळ मोडायचा की चालू ठेवायचा. मोडला तर उदान संपला, आणि त्याच्यापाशी ठेवलेलं सगळं संपलं. चालू ठेवला तर ते तिथे वाढत राहणार. तिने वेगळा मार्गही करून पाहिला. जेवणाच्या सुट्टीत नीलेशला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, विपुलचं बोट, ऋतिकाचा बाजार, टाकी तिने मुद्दाम फोडली तेही. नीलेश वडापाव खात खात ऐकत होता.

"ताई, तुमी लय इचार करता."

"नीलेश, तो तुझा भाऊ होता. तुला वाईट वाटायला नको?"

"तेच सांगतो ना. वाटत नाय." त्याने पावाचा तुकडा मिरचीला लावला. "खरं सांगू? मला आता झोप लागते. आधी नाय लागायची, वर्सानुवर्सं. का ते म्हाईत नाय, आता आठवत बी नाय. जे काय होतं ते त्या उदानापाशी राहू द्या की. त्याला काय, खेळातला माणूस." मग तो एकदम गंभीर झाला. "पण एक हां, ताई. परत आणायचं म्हनाल तर मला इचारल्याबिगर काय करू नका."

"नाही करणार," रुचिता म्हणाली.

तो निश्चिंत दिसत होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. आपण याचं काही चोरलं की याला बरं केलं, हेच तिला कळेना. आणि ज्याची आठवण होती त्याला विचारलं तर तो सुखी होता. ज्या बाईचं गेलं होतं ती दर शनिवारी फोन करत होती.

खेळ चालूच राहिला. रविवारी संध्याकाळी रुचिता म्हणायची, "थांबू या." ही त्यांची ठरलेली खूण. ती म्हटली की सगळी पात्रं खाली ठेवायची आणि चहा घ्यायचा. विपुल आणि ऋतिका लगेच आळोखेपिळोखे देत हसायला लागायचे. नीलेशला मात्र हल्ली वेळ लागायचा. आधी जरासा. मग तिला दोनदा म्हणावं लागायला लागलं. एका रविवारी विपुलने खांदा धरून हलवलं तेव्हा कुठे तो दचकून म्हणाला, "झालं काय?"

उदान बोलत असला की नीलेश पापणी हलवत नसे. पुढ्यातला चहा तो हाताने दूर सारायचा. त्याचा आवाज आठवड्यागणिक बारीक होत होता. एकदा ऋतिकाने लाडवाची बशी पुढे केली, तेव्हा रुचिताला त्याची बोटं दिसली. पेरांची कातडी पांढरी, सुरकुतलेली, धुणं धुऊन उठल्यावर होते तशी. "थांबू या" झाल्यावर तिने बोलता बोलता त्याचा हात पाहिला. कोरडा, खरखरीत, तारा सोलणाऱ्या माणसाचा हात.

आणि उदान आता इंजिनाबद्दल बोलत नसे. यानावर संकट आलेलं असायचं, विपुल फासे खुळखुळवत असायचा, आणि उदान मध्येच विचारायचा, "मला न्यायला कुणी येणार आहे का?"

"येईल की. पाच हजार वर्षांनी," विपुल म्हणायचा.

उदान त्यावर मान डोलवायचा, खरंच तेवढं थांबायची तयारी असल्यासारखी.

संक्रांतीच्या सुमाराला कालव्याला पाणी सुटलं. त्या आठवड्यात शनिवारचा फोन आला नाही. रविवारी दुपारी दारात येसूबाईच उभी होती. हातात स्टीलचा डबा, अंगावर ठेवणीतलं लुगडं.

"आई? तू कशाला आलीस?" नीलेश गोंधळला. "तुला काय समजनार हाय यातलं?"

"समजलं तर समजलं. तू खेळ. मी बसते."

"काकू, तुम्हाला पण घेऊ यानात," विपुल म्हणाला. "आमच्याकडे स्वयंपाकाला कुणी नाही. नुसत्या गोळ्या खाऊन दिवस काढतोय."

"आधी तुमच्या यानात चूल हाय का ते बघ, मेल्या."

सगळे हसले. येसूबाई भिंतीशी खुर्ची घेऊन बसली. रुचिताने गोष्ट सुरू केली. तिने ठरवलं होतं, उदानला आज इंजिनघरातच ठेवायचं, बोलायची वेळच येऊ द्यायची नाही. वैमानिकाला उल्कांमध्ये अडकवलं. डॉक्टरकडे रोगी पाठवले. विपुलचा फासा वाईट पडला, त्याने कपाळावर हात मारला.

"कोण आलंय?"

आवाज नीलेशच्या खुर्चीतून आला होता.

"अरे, तुझी पाळी नाही," विपुल म्हणाला.

"कोण आलंय?"

येसूबाईने खुर्ची पुढे ओढली. फरशीवर खुर्चीचे पाय करकरले.

"मी हाय रं."

तो तिच्याकडे बघत राहिला. आईकडे रोज बघणारा मुलगा असा बघत नाही. तो एकेक गोष्ट ताडून पाहत होता.

"तुझे केस पांढरे झाले," तो म्हणाला.

"झाले."

"बांगड्या कुठायत? हिरव्या होत्या."

येसूबाईने ओठ आवळले. नवऱ्याला अग्नी नीलेशनेच दिला होता. भिंतीवरच्या फोटोला हार तोच घालायचा.

"बाबा गेले तुझे," ती म्हणाली.

"कदी?"

त्याने हे लहान मुलासारखं विचारलं. आणि आता ते बोलणं पुस्तकातलं नव्हतं. ते कडावचं होतं.

ऋतिकाने रुचिताचा दंड धरला. "ताई, थांबव ना."

रुचिताने तोंड उघडलं.

"थांब, पोरी," येसूबाई म्हणाली. तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता. तिच्या पदराचं टोक ओलं झालं होतं. टेबलावर पाण्याचा पेला नव्हता.

"नीलेशला परत आणलंस तर काय येईल गं माझ्या हाती? माझंच पोर हाय, नाय म्हनत नाय. पण भावाच्या वाटणीचं खाऊन अजून मागणारं." तिने त्याच्या सुरकुतलेल्या पेरांवरून अंगठा फिरवला. "याला घरी न्हेते मी."

"आणि नीलेश?" विपुलचा आवाज फाटला.

"तो कुठं जातोय? तुमचं यान हाय ना. झोप लागते म्हनतो आता. झोपू दे."

खाली रस्त्यावरून एक टेंपो गेला आणि खिडकीची काच थरथरली.

रुचिताला कँटीनमधलं बोलणं आठवलं. मला इचारल्याबिगर. ती पुढे झुकली.

"नीलेश?"

तो आईच्या मांडीवरच्या डब्याकडे बघत होता.

"नीलेश, मी रुचिता. तुला विचारायचंय."

त्याने मान वळवली. चेहरा नम्र होता, पाहुण्या घरी आलेल्या मुलाचा असतो तसा.

"दादा झोपलाय," तो म्हणाला.

ठरलेली खूण अजून तिच्या जिभेवर होती. आज ती बोलली आणि विपुलने जोरात हलवलं, तर कदाचित जमेल. पुढच्या रविवारी जमणार नाही, हे तिला नमुन्याचा बदलता रंग पाहून कळावं तसं कळत होतं. एका सुरेख दुपारसाठी तिने या बाईच्या घरातून, कालव्याने एकदा नेलेला मुलगा दुसऱ्यांदा नेला होता. आता तिचा दुसरा, नीलेश, न्यावा लागत होता, किंवा पदूच तिसऱ्यांदा.

येसूबाईने डबा उघडला. त्यात तांदळाची बोरं होती. त्याने एक उचललं, पण तोंडात घातलं नाही. आधी आईकडे पाहिलं, मग विचारलं, "दादाला ठेवली?"

"ठेवू रं," येसूबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मोडला. डोळे वर करून ती रुचिताकडे बघत राहिली. ऋतिका रडत होती. विपुलचा हात नीलेशच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर, हवेत थांबला होता. तोही रुचिताच्या तोंडाकडेच बघत होता.

"हात मागे घे, विपुल," रुचिता म्हणाली. "न्या त्याला, काकू. मी थांबवत नाही."